एमूना आणि त्सिद्दुक हद्दीन : यहुदी परंपरेतील निष्ठा व स्वीकार

१

धर्मेतिहासाच्या अभ्यासात एक अडचण वारंवार उद्भवते. एका भाषेतील धर्मसंज्ञेला दुसऱ्या भाषेत प्रतिशब्द मिळाला की त्या प्रतिशब्दाच्या पाठोपाठ एका निराळ्याच समाजाचे विचारविश्व आत शिरते, आणि मूळ संज्ञेचा आशय झाकला जातो. यहुदी परंपरेतील ‘एमूना’ आणि ‘त्सिद्दुक हद्दीन’ ह्या दोन संज्ञांच्या बाबतीत असेच घडलेले आहे. पहिलीचे भाषांतर आपण ‘श्रद्धा’ असे करतो, दुसरीचे ‘ईश्वरेच्छेचा स्वीकार’ असे. ह्या दोन शब्दांच्या आधाराने वाचू लागल्यास संकटात सापडलेला यहुदी भाविक हा प्रारब्धावर भार टाकून स्वस्थ बसलेला मनुष्य आहे असा ग्रह होतो. उलट ईयोबाचे पुस्तक वाचून निघालेल्या वाचकाला ही परंपरा ईश्वराशी अखंड वाद घालणारी वाटते. दोन्ही ग्रहांना आधार आहे, परंतु दोन्ही अपुरे आहेत.

एकाच परंपरेत स्वीकार आणि तक्रार ह्या दोहोंना मान्यता कशी मिळाली, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना तत्त्वज्ञांच्या ग्रंथांपेक्षा विधिनियम, प्रार्थनांची स्थाने आणि ताल्मुदातील कथा ह्यांचा अधिक उपयोग होतो. कारण आपत्तीच्या वेळी कोणी, कोणाला, कशाविषयी काय म्हणावे हे तेथे ठरलेले आहे. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर स्वीकाराच्या विधानाला ह्या परंपरेने एक काळ आणि एक पुरुष नेमून दिलेला आहे. त्या काळाबाहेर वा त्या पुरुषाबाहेर तेच विधान दोषास्पद ठरते.

२

प्रथम ‘एमूना’ ह्या शब्दाचा विचार करू. हा शब्द आलेफ, मेम आणि नून ह्या तीन व्यंजनांच्या धातूपासून झालेला आहे. धातूचा मूळ अर्थ टिकणे, स्थिर असणे, आधार देणे असा आहे. त्याच धातूपासून मुलाचा सांभाळ करणाऱ्या दाईला ‘ओमेनेत’ म्हणतात. राजांच्या दुसऱ्या ग्रंथात देवळाच्या दारांशी असलेल्या खांबांना लावलेला शब्दही त्याच कुळातील आहे. प्रार्थनेच्या अखेरीस उच्चारला जाणारा ‘आमेन’ आणि सत्य ह्या अर्थाचा ‘एमेत’ हे दोन्ही शब्द ह्याच धातूचे आहेत. निर्गमाच्या १७ व्या अध्यायात अमालेकांशी युद्ध चालले असता मोशेचे हात दोघांनी दोन बाजूंनी धरून ठेवले आणि ते सूर्यास्तापर्यंत स्थिर राहिले अशी हकीकत आहे. तेथे हातांच्या स्थिरपणाला जो शब्द वापरला आहे तो ‘एमूना’ हाच होय. थकलेले हात दुसऱ्यांच्या आधाराने न ढळता राहणे, असा ह्या शब्दाचा एक अत्यंत जुना आणि मूर्त प्रयोग आहे.

बायबलच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात ह्या शब्दासाठी अनेक ठिकाणी ‘पिस्तिस’ आणि त्याच्या कुळातील शब्द आले. पुढे ख्रिस्ती धर्मचर्चेत ‘पिस्तिस’ला विशिष्ट सिद्धान्त मान्य करणे हा अर्थ बळकट होत गेला, आणि युरोपीय भाषांच्या द्वारे तोच अर्थ आपल्याकडील भाषांतरांत उतरला. योगायोग असा की मूळ अर्थाच्या अधिक जवळ जाणारा शब्द मराठीत पूर्वीपासून नांदत आहे. अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आलेला ‘इमान’ हा शब्द त्याच सेमिटिक धातूचा आहे. ‘अमानत’ आणि ‘अमीन’ हेही त्याच घरचे. अरबीत ‘इमान’ला धर्मश्रद्धा असा अर्थ असला तरी मराठी बोलणारा मनुष्य इमान राखतो, इमानाला जागतो, किंवा बेइमान होतो. ह्या प्रयोगांत कोणत्या सिद्धान्तावर विश्वास आहे ह्याचा प्रश्न नाही. संबंध टिकविण्याचा आहे. एमूना म्हणजे अशा अर्थाने इमान होय. एखाद्याची खात्री डळमळली तरी त्याचे इमान टिकू शकते, आणि पुढील इतिहासाचा उलगडा ह्या एका भेदाने पुष्कळसा होतो.

दुसरी संज्ञा ‘त्सिद्दुक हद्दीन’. हिच्यातील आद्य वर्णाचा उच्चार मराठीतील ‘चमचा’ ह्या शब्दातील दन्त्य ‘च’च्या जवळ जातो. ‘दीन’ म्हणजे न्यायनिर्णय. ‘त्सिद्दुक’ म्हणजे तो न्याय्य आहे असे म्हणणे. अंत्यविधीच्या वेळी जी प्रार्थना म्हणतात तिलाही हेच नाव आहे. येथे ‘म्हणणे’ ह्या शब्दावर भर द्यावयास हवा. मनात काय वाटते ते ह्या संज्ञेचे क्षेत्र नव्हे. ती एक उच्चारित क्रिया आहे.

३

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेम घेतले आणि दुसरे मंदिर जाळले. त्याबरोबर बलिदानाची, प्रायश्चित्ताची आणि यात्रेची सर्व व्यवस्था एका उन्हाळ्यात संपली. परंपरेनुसार ह्यानंतरच्या पुनर्रचनेचे केंद्र यावने हे गाव झाले आणि तिचे नेतृत्व रब्बी योहानान बेन जक्काई ह्यांच्याकडे आले. मंदिराचे अवशेष पाहून त्यांचे शिष्य रब्बी यहोशुआ ह्यांनी, प्रायश्चित्ताचे स्थानच नष्ट झाले म्हणून शोक केला. त्यावर गुरूंनी, त्याच योग्यतेचे दुसरे प्रायश्चित्त आपल्यापाशी आहे आणि ते म्हणजे परोपकाराची कृत्ये होत, असे सांगितल्याची कथा ‘आबोत दे-रब्बी नातान’ ह्या ग्रंथात आहे. मंदिर पडले हे योग्यच झाले, असे ते म्हणत नाहीत. झालेले मान्य करून आता काय करता येईल एवढेच ते सांगतात.

हाच कल ताल्मुदातील आणखी एका कथेत दिसतो. मंदिरनाशानंतर काही लोकांनी मांस आणि मद्य वर्ज्य केले, कारण दोन्ही वस्तू पूर्वी वेदीवर अर्पण होत असत. रब्बी यहोशुआ ह्यांनी त्यांना विचारले की, मग भाकरीचे काय, फळांचे काय, आणि पाण्याचे काय? कारण ह्याही गोष्टी मंदिराच्या उपासनेत होत्या. ते निरुत्तर झाले. तेव्हा त्यांनी निर्णय दिला तो असा : मुळीच शोक न करणे शक्य नाही, आणि अतिशोक करणेही शक्य नाही, म्हणून घराला गिलावा करताना थोडी जागा कोरी ठेवावी, भोजनाच्या बेतातून एखादा पदार्थ कमी करावा. राष्ट्रीय आपत्तीला घराच्या भिंतीवर एक मोजकी जागा देऊन बाकीची भिंत बांधून पुरी करण्याची ही दृष्टी यहुदी इतिहासात पुढे सर्वत्र आढळते.

तिचा एक दूरवर पोहोचलेला अवशेष आपल्या कोकणात आहे. मंदिरनाशाच्या स्मरणार्थ आब महिन्याच्या ९ तारखेला यहुदी लोक उपवास करतात आणि ‘विलापगीत’ वाचतात. हाईम सॅम्युएल केहिमकर ह्यांनी बेने इस्राएल समाजातील सणांची जी जुनी मराठी नावे नोंदविली, त्यांत ह्या दिवसाचे नाव ‘बिरड्याचा सण’ असे आहे. त्या प्रसंगी खाल्ल्या जाणाऱ्या वालाच्या बिरड्यावरून ते पडले. यरुशलेमचा शोक कुलाबा जिल्ह्यातील स्वयंपाकघरात एका पदार्थाच्या रूपाने टिकून राहिला. रब्बी यहोशुआ ह्यांनी सांगितलेल्या मर्यादेचे ह्याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

४

आता स्वीकाराच्या काळाकडे वळू. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेतील ‘बेराखोत’ ह्या भागाचा नववा अध्याय ह्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. शुभ वार्ता ऐकताच एक आशीर्वचन म्हणावे आणि अशुभ वार्ता ऐकताच दुसरे, ज्यात ईश्वराचा उल्लेख सत्य न्यायाधीश असा होतो, असा तेथे नियम आहे. चांगल्याबद्दल जसे ईश्वराचे स्तवन करावे तसे वाइटाबद्दलही करणे हे कर्तव्य आहे, असेही पुढे सांगितले आहे. एवढेच वाचले तर स्वीकाराचे हे तत्त्व निरपवाद वाटेल.

परंतु त्याच अध्यायात आणखी एक नियम आहे. घडून गेलेल्या गोष्टीविषयी याचना करणे ही व्यर्थ प्रार्थना होय, असे मिश्ना सांगते. उदाहरण असे : एक मनुष्य प्रवासाहून परत येत आहे. गावाच्या वेशीशी त्याला आक्रोश ऐकू येतो. हा आक्रोश माझ्या घरातला नसो, अशी त्याने प्रार्थना केली तर ती व्यर्थ. कारण जे व्हावयाचे ते आधीच झालेले आहे. हा मनुष्य आपल्या कल्पनेसमोर उभा केला म्हणजे नियमाची कठोरता जाणवते. त्याला अजून काहीच माहीत नाही. तरीही त्याची प्रार्थना भूतकाळाला उद्देशून असल्यामुळे तिला अवकाश नाही. मात्र त्याच ठिकाणी भविष्याविषयी याचना करण्याला पूर्ण मोकळीक दिली आहे. गावात शिरताना आणि गावातून निघताना प्रार्थना करावी, झालेल्याबद्दल आभार मानावे आणि होणाऱ्याबद्दल मागणे मागावे, असे तेथे म्हटले आहे.

ह्यावरून स्वीकाराचे क्षेत्र भूतकाळ आहे असे स्पष्ट होते. जे अजून व्हावयाचे आहे त्याविषयी मनुष्याने मागणे मागावे, औषध घ्यावे, वाद घालावा आणि धडपडही करावी. रोगी जिवंत आहे तोवर ‘सत्य न्यायाधीश’ हे आशीर्वचन उच्चारण्याचा प्रसंगच येत नाही. प्रारब्ध ही कल्पना भूत आणि भविष्य ह्या दोहोंना एकाच सूत्रात ओवते, म्हणूनच ती येथे प्रतिशब्द म्हणून चालत नाही.

५

काळापेक्षाही पुरुषाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. निर्णय न्याय्य आहे, असे कोणी म्हणावयाचे? ह्याचे उत्तर ताल्मुदात नियमांच्या आणि कथांच्या रूपाने वारंवार येते, आणि ते एकच आहे : ज्याच्यावर संकट आले त्यानेच.

दुःखिताला वाणीने पीडा देण्यास मनाई करणारा एक नियम ‘बाबा मेत्सिया’ ह्या भागात आहे. आजारी पडलेल्या वा मुले गमावलेल्या मनुष्याला, तुझ्या हातून काही पाप घडले असेल, अशा आशयाचे बोलू नये, असे तेथे सांगून ईयोबाच्या मित्रांचा दाखला निषेधार्थ दिलेला आहे. ते मित्र ईश्वराच्या न्यायाचीच बाजू मांडत होते. तरीही त्या पुस्तकाच्या अखेरीस ईश्वराचा कोप त्यांच्यावर होतो आणि ईयोबाचे बोलणे योग्य ठरते. जे विधान ईयोबाने स्वतःविषयी केले असते तर पुण्यप्रद ठरले असते, तेच त्याच्याविषयी दुसऱ्यांनी केले म्हणून अपराध ठरले. शोकगृहात गेलेल्याने शोककर्ता बोलेपर्यंत बोलू नये, हा नियमही ताल्मुदाने ईयोबाच्या कथेवरूनच काढलेला आहे.

गिम्झोचे नहूम ह्यांची कथा ह्या दृष्टीने मुळातून वाचण्यासारखी आहे. हे रब्बी अकिवांचे गुरू. गिम्झो हे इतिहासग्रंथात उल्लेखिलेले एक गाव असून त्यावरून त्यांचे नाव पडले असावे; परंतु ताल्मुदाने लौकिक व्युत्पत्तीने त्या नावाची ‘गम झू’, म्हणजे ‘हेही’, अशी फोड केली, आणि प्रत्येक आपत्तीला ‘हेही बऱ्यासाठीच’ असे म्हणणारा मनुष्य, असा त्यांचा लौकिक सांगितला. त्याच पृष्ठावर दुसरी कथा आहे. वृद्धपणी नहूम अंध झाले होते, हातपाय गेले होते, सर्वांग व्रणांनी भरले होते. शिष्यांनी कारण विचारता त्यांनी सांगितले : एकदा आपण सासऱ्याच्या घरी तीन गाढवांवर अन्नसामग्री लादून निघालो होतो. वाटेत एका दरिद्री मनुष्याने खावयास मागितले. थांब, गाढवावरचा भार उतरवितो, असे आपण म्हणालो. तो उतरवीपर्यंत त्या मनुष्याचा प्राण गेला. तेव्हा आपणच आपल्या डोळ्यांना, हातांना आणि पायांना शाप दिला. तुम्हाला अशा अवस्थेत पाहावे लागते हे आमचे दुर्दैव, असे शिष्य म्हणाले. त्यावर, मी ह्या अवस्थेत नसतो तर ते माझे दुर्दैव झाले असते, असे नहूम म्हणाले.

स्वतःच्या व्रणांना उद्देशून ‘हेही बऱ्यासाठीच’ ही वृत्ती नहूम बाळगतात. परंतु भुकेने मेलेल्या त्या मनुष्याविषयी ते असे एकदाही म्हणत नाहीत. तेथे ते फक्त स्वतःचा अपराध पाहतात. स्वीकारासाठी प्रसिद्ध असलेल्या मनुष्याच्याच तोंडी परंपरेने ही मर्यादा घातली, हे बोधप्रद आहे.

प्रथमपुरुषी स्वीकारही सक्तीचा नाही. तिसऱ्या शतकातील पॅलेस्टाइनचे थोर आचार्य रब्बी योहानान ह्यांचे दहा पुत्र वारले होते; दहाव्याचे एक अस्थिशकल ते जवळ बाळगीत. आजारी असलेल्या एका शिष्याला त्यांनी विचारले की, ही दुःखे तुला प्रिय आहेत काय? दुःखेही नकोत आणि त्यांचे फलही नको, असे उत्तर आले. तेव्हा त्यांनी हात देऊन त्याला उठविले. पुढे रब्बी योहानान स्वतः आजारी पडले. त्यांना तोच प्रश्न विचारण्यात आला आणि त्यांनीही तेच उत्तर दिले. दुसऱ्याने हात देऊन त्यांना उठविले. ते स्वतःच का उठले नाहीत, अशी शंका घेऊन ताल्मुद उत्तर देतो की, बंदिवानाला स्वतःची सुटका करता येत नाही. मोशेच्या धरून ठेवलेल्या हातांची येथे आठवण होते. एमूना ही एकट्याने सांभाळण्याची वस्तू नव्हे.

सांत्वन करू पाहणाऱ्याने मग काय करावे? योहानान बेन जक्काईंचा पुत्र वारला तेव्हा पाच शिष्य एकामागून एक भेटीस आले. पहिल्या चौघांनी आदाम, ईयोब, अहरोन आणि दावीद ह्यांनीही पुत्रशोक सोसला आणि सांत्वन स्वीकारले असे सांगितले. गुरूंनी प्रत्येकाला विचारले की, माझे दुःख पुरेसे नाही म्हणून तू दुसऱ्यांच्या दुःखाची आठवण देतोस काय? पाचवे एलाजार बेन अराख ह्यांनी राजाच्या ठेवीचा दृष्टान्त दिला. ठेव सांभाळणारा मनुष्य ती सुखरूप परत जाईपर्यंत रोज चिंतेत असतो. तुमचा पुत्र शास्त्राध्ययन करून निष्पाप गेला, तुम्ही ठेव जशीच्या तशी परत केलीत. गुरूंनी हे सांत्वन मान्य केले. पहिल्या चौघांनी दुःखाला सर्वसामान्य ठरविले; पाचव्याने ह्या एका पित्याच्या सांभाळाची किंमत ओळखली. ठेवीला आपण मराठीत अमानत म्हणतो, आणि तिचा धातू एमूनाचाच आहे, हे वर आलेच आहे.

६

मध्ययुगात आणि त्यानंतर ह्या मर्यादांची कसोटी लागली. १०९६ मध्ये पहिल्या क्रुसेडच्या वेळी ऱ्हाइन नदीकाठच्या वर्म्स आणि माइंत्स येथील यहुदी वस्त्यांचा संहार झाला. ‘कद्दिश’ ही अरामी भाषेतील जुनी स्तुतिप्रार्थना मृतांच्या पुत्राने म्हणावी ही प्रथा पुढील शतकांत जर्मन प्रदेशात रूढ झालेली दिसते. तिच्यात मृत्यूचा उल्लेखच नाही. शोककर्ता समूहासमोर उभा राहून ईश्वराच्या नावाची स्तुती करतो आणि समूह ‘आमेन’ म्हणतो. दहा जणांवाचून ती म्हणता येत नाही.

३१ मार्च १४९२ रोजी स्पेनमधून यहुद्यांना घालवून देण्याची आज्ञा झाली. ह्या निर्वासितांपैकी एकाची हकीकत शलोमो इब्न वेर्गा ह्यांच्या ‘शेवेत यहुदा’ ह्या सोळाव्या शतकातील ग्रंथात आहे. रोगराईमुळे नावाड्याने ओसाड किनाऱ्यावर उतरविलेला एक मनुष्य, त्याची पत्नी आणि दोन मुले चालत निघाली. पत्नी वाटेत मेली. मुलेही उपासमारीने गेली. त्याने उभे राहून ईश्वराला म्हटले की, मी माझा धर्म सोडावा म्हणून तू पुष्कळ केलेस. पण तुझी इच्छा नसली तरी मी यहुदी आहे आणि यहुदीच राहीन. मग मुलांवर माती आणि गवत घालून तो वस्तीच्या शोधात निघाला. हे उद्गार त्सिद्दुक हद्दीनचे नव्हेत. निर्णय न्याय्य आहे असे तो म्हणत नाही. तरीही परंपरेने त्यांना निष्ठेचे उदाहरण म्हणून जतन केले. खात्री गेली, इमान राहिले. हद्दपारीनंतर सफेद येथे इसहाक लूरिया (१५३४–१५७२) ह्यांनी विश्वाच्या आरंभीच पात्रे फुटली आणि त्यांची दुरुस्ती, म्हणजे ‘तिक्कून’, मनुष्याकडे आली असे प्रतिपादन केले. गेर्शोम शोलेम ह्यांनी ह्या विचाराचा संबंध हद्दपारीच्या आघाताशी जोडला; मोशे इदेल प्रभृतींनी त्यावर आक्षेप घेतले आहेत. तथापि भग्नतेला विश्वरचनेतच स्थान देणारा हा विचार निर्वासितांच्या वंशजांना आधार झाला, ह्यात नवल नाही.

अखेरची कसोटी विसाव्या शतकातील. सप्टेंबर १९३९ मध्ये वॉर्सावर झालेल्या बाँबवर्षावात पियासेच्नो येथील हसिदी गुरू कालोनिमस काल्मन शापिरा ह्यांचा एकुलता पुत्र आणि सून मारली गेली. त्यानंतर वॉर्साच्या कोंडलेल्या वस्तीत ते १९४२ च्या उन्हाळ्यापर्यंत प्रवचने करीत राहिले. आरंभीच्या प्रवचनांत ते पूर्वजांच्या आपत्तींचे दाखले देतात. पुढे ईश्वर स्वतः आतल्या दालनात रडत आहे ह्या ताल्मुदातील कल्पनेकडे वळतात. १९४२ च्या अखेरीस त्यांनी आपल्याच एका पूर्वीच्या प्रवचनाला टीप जोडली : अशा आपत्ती पूर्वीही आल्या होत्या हे आपले म्हणणे आता लागू पडत नाही; असे पूर्वी कधीच घडलेले नाही. १९४३ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांची हत्या झाली. त्यांनी पुरून ठेवावयास दिलेली हस्तलिखिते युद्धानंतर सापडली आणि १९६० मध्ये ‘एश कोदेश’ ह्या नावाने प्रसिद्ध झाली. तुलनेचे सांत्वन मागे घेणारी ती टीप आणि चार शिष्यांना थांबविणारे योहानान बेन जक्काई ह्यांच्यात सुमारे १,९०० वर्षांचे अंतर आहे. वृत्ती एकच आहे.

ही मर्यादा सर्वांनी पाळली असे मात्र नाही. महायुद्धानंतर काही धर्मनेत्यांनी ६० लाख यहुद्यांच्या हत्येचे कारण इतर यहुदी गटांच्या पापांत शोधले. सणांच्या प्रार्थनेत हद्दपारीचे कारण पापे असेच सांगितले आहे. परंतु तेथील सर्वनाम ‘आमची’ असे आहे. ‘आमची’च्या जागी ‘त्यांची’ आले की जुन्या प्रार्थनेतून ईयोबाच्या मित्रांचे भाषण तयार होते. म्हणूनच ह्या उपपत्तींना सर्वांत तीव्र विरोध झाला तो धर्मनिष्ठांकडूनही झाला, आणि तो परंपरेच्या आधारानेच झाला.

७

सारांश, यहुदी परंपरेतील स्वीकार म्हणजे निष्क्रियता नव्हे, आणि तेथील तक्रार म्हणजे अश्रद्धाही नव्हे. झालेल्या गोष्टीविषयी आणि केवळ स्वतःच्या तोंडून, अशा दोन अटींवर त्सिद्दुक हद्दीन मान्य आहे. भविष्याविषयी प्रार्थना आणि प्रयत्न, आणि दुसऱ्याच्या दुःखाविषयी मौन, मदत वा स्वतःच्या जबाबदारीची जाणीव, हे त्याचे पूरक नियम होत. एमूना ही ह्या दोहोंच्या खाली असलेली स्थिरता आहे. ती उत्तरांवर अवलंबून नाही.

तौलनिक धर्माभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने ह्यावरून एक पद्धतीही घ्यावी. एखादा समाज दुःखाविषयी काय मानतो एवढेच विचारून थांबू नये. ते वाक्य कोण उच्चारतो, कोणाविषयी उच्चारतो आणि केव्हा उच्चारतो हेही पाहावे. स्वीकाराचे जे शब्द शोककर्त्याच्या तोंडी आधार होतात तेच सुखरूप शेजाऱ्याच्या तोंडी शस्त्र होऊ शकतात, आणि हा फरक शब्दकोशात सापडत नाही.